किडा मुतला की नागीण? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही यावल तालुक्यातले, आई ६२ वर्षांच्या, शुगरची गोळी चालू. रविवारी रात्रीपासून उजव्या बाजूला पाठीत ठणका आणि आग, वाटलं कापूस वेचताना लचक भरली असेल म्हणून बाम चोळला. बुधवारी सकाळी तिथेच लाल चट्टे आणि पाण्याचे बारीक फोड. गावातल्या डॉक्टरांनी "किडा मुतलाय" म्हणून एक इंजेक्शन आणि ट्यूब दिली. गुरुवारी फोड बगलेखालून पुढे छातीपर्यंत आले म्हणून भुसावळला नेलं, तिथे नागीण सांगितली, दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठीवर हर्पिस झोस्टर असं लिहिलंय. मग तुम्ही स्वतःहून लॅबमध्ये रक्त दिलं, त्यात या व्हायरसची आयजीजी, म्हणजे अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. मामा म्हणतात गोळ्या नका घेऊ, गावात नागीण उतरवणारे आहेत. घरात चार महिन्यांचं बाळ. आणि तुमचा प्रश्न असा की दोघांपैकी खरं कोण बोलतंय, आणि ते कळेपर्यंत गोळ्या सुरू न करता थांबलं तर चालेल का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते कारण त्याला घाई आहे. थांबू नका. आज शुक्रवार, फोड बुधवारी सकाळी दिसले, म्हणजे ७२ तास उद्या सकाळी पूर्ण होतात. या गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर होतो. आईंना किडनीचा त्रास आहे असं आधी कोणी सांगितलेलं नसेल तर आज संध्याकाळीच भुसावळच्या डॉक्टरांना फोन करून सुरू करा, शंकाकुशंका नंतर सावकाश फेडता येतील. मी आईंना पाहिलेलं नाही, फोटोही तुम्ही टाकलेला नाही, तेव्हा मी काही निदान करत नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मी काय विचार करेन तेवढं सांगू शकते. जळगाव जिल्ह्यात स्किनची प्रॅक्टिस करते त्यामुळे किडा की नागीण हा वाद पावसाळ्यात माझ्या टेबलावर रोजचाच आहे.

पहिल्या डॉक्टरांवर चिडू नका असं म्हणेन. त्यांनी बुधवारी सकाळी पाहिलं तेव्हा कदाचित एक लाल चट्टा आणि चार-पाच फोड एवढंच असेल, त्या अवस्थेत दोन्ही गोष्टी सारख्या दिसू शकतात. भुसावळवाल्यांना एक दिवस जास्तीचा मिळाला, तोवर फोड पट्ट्याने पुढे सरकले होते, चित्र आपोआप उघडं पडलं. दुसरा डॉक्टर पहिल्यापेक्षा हुशार वाटतो तो बऱ्याचदा याच कारणाने, मला स्वतःला तो फायदा नेहमी मिळतो कारण माझ्याकडे पेशंट सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरवरच येतो!

आता नागीण ओळखतात कशी. यात मशीन-बिशीन फार लागत नाही, डोळे लागतात आणि तारखा लागतात. मी पहिला प्रश्न विचारते तो दुखणं आधी की फोड आधी. नागिणीत साधारण दोन-चार दिवस आधी त्याच जागी दुखतं, आग होते, टोचतं, कधी साडीचा पदर लागला तरी सहन होत नाही, आणि वर कातडीवर काहीच दिसत नाही. या दिवसांत लोक भलभलतीकडे जाऊन येतात. छातीत डावीकडे दुखतं म्हणून ईसीजी काढून घेतात, कुशीत दुखतं म्हणून मुतखड्याची सोनोग्राफी करतात, आमच्याकडे मुतखड्याचे पेशंट एवढे की ती शंका आधी येणारच, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की तिसऱ्या दिवशी फोड उठतात. तुमच्या आईंचं रविवार ते बुधवार हे अंतर मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. किड्याने आधी तीन दिवस पाठ दुखत नाही.

दुसरं, बाजू. नागीण शरीराच्या एकाच बाजूला राहते, पाठीच्या मणक्यापासून निघून पुढे पोटाच्या किंवा छातीच्या मधल्या रेषेपर्यंत येते आणि तिथे थांबते. असं का होतं ते ठिबकच्या नळीवरून पटकन कळेल. मेन लाइनमधून प्रत्येक ओळीला वेगळी लॅटरल जाते ना, डाव्या ओळीची वेगळी आणि उजव्या ओळीची वेगळी, आणि एका लॅटरलमध्ये काही सोडलं तर तेवढीच ओळ भिजते. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नसांचं तसंच आहे, डावी-उजवी वेगळी, प्रत्येकीच्या वाट्याला कातडीचा एक पट्टा. व्हायरस एका नसेच्या मुळाशी जागा होतो आणि त्याच नसेतून कातडीवर उतरतो, म्हणून पट्टा दिसतो. तुमच्या आईंचा पाठीपासून छातीखालपर्यंतचा उजवा पट्टा याच हिशोबात बसतो, आणि छाती-पाठ ही नागिणीची सगळ्यात नेहमीची जागा आहे.

तिसरं म्हणजे फोडांचा घोळका. लाल कातडीवर पाण्याचे बारीक फोड पुंजक्याने येतात, मग मध्ये थोडी चांगली कातडी, मग पुढचा पुंजका. तीन ते पाच दिवस नवीन येत राहतात, मग पाणी गढूळ होतं, आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात, सगळं साफ व्हायला दोन ते चार आठवडे.

आता किड्याचं बघू, कारण तोही खरा आहे, गावठी समजूत म्हणून सोडून देता येत नाही. पावसाळ्यात मका, कपाशी, भाताच्या ओलसर शेतात एक लांबट किडा असतो, मुंगीपेक्षा थोडा मोठा, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा, शास्त्रीय नाव पेडेरस. तो चावत नाही, डंख मारत नाही आणि खरं म्हणजे मुतत पण नाही. रात्री ट्यूबलाइटकडे येतो, मानेवर किंवा हातावर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा रस कातडीला लागतो. लगेच काही होत नाही, साधारण एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखी लाल रेघ उठते, मधोमध पिवळसर बारीक फोड. अमळनेरकडचे एक मका उत्पादक सांगत होते, "रातले काहीज नव्हतं, सकाये उठनू ते आग आग व्हई राह्यनी." दोन्ही हातांवर तिरक्या रेघा, एक मानेवर. त्यांना कोणीतरी नागीण सांगून गोळ्यांचा कोर्स सुरू करून दिला होता आणि घरच्यांनी त्यांची खाट ओसरीत टाकली होती.

किड्याची एक खूण मला फार आवडते. कोपराच्या वळणावर रस लागला आणि हात दुमडला की वरच्या कातडीवरून खालच्या कातडीवर त्याचा ठसा उमटतो, म्हणजे समोरासमोर दोन सारखे चट्टे दिसतात. हे दिसलं की मी पुढचं विचारतच नाही. शिवाय किडा बहुतेक उघड्या भागावर, चेहरा, मान, हात. कधी घरातल्या दोघांना एकाच आठवड्यात होतो, शेजारच्यालाही झालेलं असतं. नागीण अशी एका घरात दोघा-तिघांना एकदम होत नाही. तुमच्या आईंचे फोड ब्लाउजच्या आत आहेत, किडा तिथे शिरू शकत नाही असं नाही पण त्याने मणक्यापासून छातीपर्यंत बरोबर एका नसेचा पट्टा आखून द्यावा हे मला पटायला जड जातं.

अजून दोन-तीन गोष्टी नागिणीच्या नावाखाली येतात त्या पण सांगते कारण डॉक्टरला प्रश्न विचारायचा तर पर्याय माहीत हवेत. एक आपला बिब्बा. दुखतं म्हणून बिब्ब्याचं तेल लावतात, त्याने कातडी जळून फोड येतात, आणि घोटाळा असा की नागिणीचं दुखणं आधी सुरू होतं, त्यावर बिब्बा लावला जातो, मग फोड कोणाचे ते ब्रह्मदेवाला ठाऊक. म्हणून आईंनी बामाशिवाय काही लावलं होतं का ते नीट विचारा, आया हे पटकन सांगत नाहीत. दुसरं गाजरगवत, पण ते दोन्ही बाजूंना, उघड्या भागावर, आणि खाज जास्त, दुखणं नाही. तिसरी गोष्ट तुमच्या आईंना लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला लागू असेल. "मला नागीण तिसऱ्यांदा झाली, दर वेळी त्याच जागी, कंबरेखाली एक रुपयाएवढ्या जागेत" असं कोणी सांगितलं की ती बहुतेक नागीण नसते, तो हर्पिस सिम्प्लेक्स हा वेगळा व्हायरस असतो जो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी उठतो. नागीण बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. तेव्हा "याआधी इथेच झालं होतं का" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नसेल तर आपण होऊन सांगावं.

आता तो रक्ताचा रिपोर्ट. पैसे गेले ते गेले, पण त्यावरून नागीण पक्की झाली असं काही नाही. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की या व्हायरसशी शरीराची आधी कधीतरी ओळख झालीय, म्हणजे लहानपणी कांजण्या येऊन गेल्या असतील. तुमच्या वडिलांचं, मामांचं, माझं रक्त तपासलं तरी बहुतेक पॉझिटिव्हच येईल. आयजीएम नावाची दुसरी टेस्ट असते तिच्यावर पण मी नागिणीसाठी विसंबत नाही. खरोखर शंका असेल तर तपासायचं ते फोडातलं पाणी, रक्त तपासून उपयोग नाही. ताज्या फोडाचा तळ खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, अनेक केंद्रं असलेल्या पेशी शोधतात, तिला झँक स्मिअर म्हणतात, स्वस्त आहे, त्याच दिवशी कळतं, पण ती फक्त हर्पिस जातीचा व्हायरस आहे एवढंच सांगते, झोस्टर की सिम्प्लेक्स ते नाही. ते हवं असेल तर फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर, ती टेस्ट सगळ्यात पक्की. तुमच्या आईंसारखं सरळ चित्र असताना मी यातली एकही करत नाही. डोळ्याजवळ असेल, चित्र विचित्र असेल, पेशंटची प्रतिकारशक्ती फार कमी असेल तेव्हा करते.

हा व्हायरस येतो कुठून हे समजलं की मामांचे पण अर्धे प्रश्न मिटतील. लहानपणी कांजण्या आल्या की त्या बऱ्या झाल्यावरही व्हायरस शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी दडून बसतो, वर्षानुवर्षं. वय वाढलं, शुगर, मोठं आजारपण, कॅन्सरची औषधं, स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेत जागा होतो. हे कोडं सुटायला इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावातल्या एका जनरल प्रॅक्टिशनरची, होप-सिम्प्सन यांची मोठी मदत झाली. आपल्या भागातले पेशंट वर्षानुवर्षं वहीत टिपून त्यांनी १९६५ साली मांडलं की नागीण ही दुसऱ्याकडून लागत नाही, ती आपल्याच आत दडलेल्या कांजण्यांची असते. गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीला आपण किंमत देत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं. तुमच्या आई म्हणतील मला कांजण्या आल्याच नव्हत्या, देवी आल्या होत्या. त्यांच्या पिढीत दोन्ही शक्य आहे, भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, पण पुष्कळ घरांत कांजण्यांनाही देवी किंवा माता आली असंच म्हणायचे, त्यामुळे त्या आठवणीवर मी निर्णय घेत नाही.

इथवर आलो ते असं की दुखणं आधी, एकच बाजू, नसेचा पट्टा, पुंजक्याने फोड, वय आणि शुगर, हे सगळं नागिणीकडे बोट दाखवतं, आणि किड्याच्या बाजूने पावसाळ्याशिवाय काही नाही. तरी समजा मला अर्धीच खात्री असती. तरी मी ६२ वर्षांच्या शुगरच्या पेशंटला गोळ्या सुरूच केल्या असत्या. किडा असून सात दिवस गोळ्या घेतल्या तर थोडे पैसे आणि थोडी मळमळ एवढंच नुकसान, पण नागीण असून वेळ घालवला तर या वयात दुखणं महिनोन्महिने मागे लागू शकतं. बावीस वर्षांचा पोरगा असता, हातावर दोन रेघा, आधी काही दुखलं नाही, तर मी उलट सांगितलं असतं, साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, दोन दिवसांनी दाखवा. निदान तेवढंच अर्धवट असलं तरी निर्णय माणूस बघून बदलतो.

गोळ्यांबद्दल. पाच वेळची म्हणजे बहुतेक असायक्लोव्हिर ८०० असणार, सात दिवस. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा असं मोबाइलवर लावून ठेवा, कारण माझा अनुभव असा की पाचातली दुपारची गोळी शेतात राहते. पाच वेळा जमणारच नसेल तर व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा घ्यायची असते, महाग पडते पण डॉक्टरांना विचारता येईल. जनऔषधी दुकानात जेनेरिक मिळतंय का बघा. पाणी भरपूर प्यायचं. आणि महत्त्वाचं, ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात. शुगर जुनी असेल तर सिरम क्रिएटिनिन आजच करून घ्या, त्या आयजीजीपेक्षा ही साधी टेस्ट कामाची होती. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर म्हातारी माणसं बरळायला लागतात आणि घरच्यांना वाटतं नागीण डोक्यात गेली.

पहिल्या डॉक्टरांचं इंजेक्शन कोणतं होतं ते विचारा. भांडायला नको, माहितीसाठी. स्टेरॉइडचं असेल, डेक्सा वगैरे, तर दोन-तीन दिवस शुगर वर जाऊ शकते, मशीन असेल तर रोज बघा. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन (हीही स्टेरॉइडंच) लिहिलं असेल तर ती बंद, किड्यावर ती चालली असती, नागिणीवर नको. असायक्लोव्हिरची ट्यूब कोणी दिली तर तिचाही नागिणीत उपयोग नाही, काम आत नसेत चाललंय आणि आपण वरून लेप देतोय. फोड फोडायचे नाहीत, रोज साध्या साबणाने अंघोळ करायची, हलक्या हाताने टिपायचं, कॅलामाइन लावलं तर थंड वाटतं, वरून सैल सुती कपडा. अंगाला पाणी लावायचं नाही हा नियम कोणी काढला माहीत नाही पण त्याच्यामुळे माझ्याकडे पिकलेले फोड येतात.

मामांचं काय करायचं? मी भांडत नाही. नागीण दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते, त्यामुळे उतरवणाऱ्याला यश येणारच, त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. आईंना धीर वाटत असेल तर मंत्र म्हणू द्या, पण गोळ्या चालू ठेवून, आणि अंगाला काही लावायचं नाही ही अट घालून. गेरू, तुरटी, चुना, काजळी, जे काही लावतात त्याखाली जखम पिकते आणि परत डॉक्टरला काही दिसत नाही, अर्धा तास तो गेरूच काढत बसावा लागतो. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो हे तर मनातून काढूनच टाका, वर नसांचं सांगितलं तसं, डावी-उजवी वेगळी असल्यामुळे विळखा पूर्ण होतच नाही सहसा. क्वचित दोन्ही बाजूंना आलीच तर ती मरणाची खूण नसते, प्रतिकारशक्ती तपासायची सूचना असते. आणि वांगं बंद, आंबट बंद, कळण्याची भाकरी बंद हे पण नको, शुगरच्या बाईने दोन आठवडे नुसत्या भाताच्या पेजेवर राहणं हेच धोक्याचं.

बाळाचं मात्र बरोबर विचारलंत. आईंकडून बाळाला नागीण लागणार नाही, पण फोडातल्या पाण्याचा संपर्क आला तर कांजण्या होऊ शकतात. बाळाच्या आईला कांजण्या होऊन गेल्या असतील तर बाळाला थोडं संरक्षण असतं पण त्यावर बिनधास्त राहू नका. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे, आजीने बाळाला कुशीत घ्यायचं नाही, टॉवेल-चादर वेगळी, हात धुवायचे. त्याच खोलीत असणं, बोलणं याने काही होत नाही, आजीला गोठ्याकडच्या खोलीत हलवायची गरज नाही. गल्लीत कोणी गरोदर बाई असेल आणि तिला कांजण्या झालेल्या नसतील तर तिने दहा दिवस भेटायला येऊ नये. कांजण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे मोठी माणसं सुद्धा विनासंरक्षण फिरत असतात.

चिठ्ठीवरचं हर्पिस वाचून तुमच्या भावाने गूगल केलं आणि घरात शांतता पसरली असं तुम्ही लिहिलंय. हसू नाही आलं, असं बऱ्याच घरांत होतं. गुप्तरोगाचं जे तुम्ही वाचलं ते सिम्प्लेक्सबद्दल, हा झोस्टर, कांजण्यांचा व्हायरस, हर्पिसच्याच कुटुंबातला, पण वेगळा. लैंगिक संबंधांशी याचा काही संबंध नाही. एचआयव्ही टेस्ट सगळ्यांना लागते का? नाही, आईंना नागीण व्हायला ६२ वय आणि शुगर हेच कारण पुरेसं आहे. तिशीतल्या माणसाला झाली, किंवा एकापेक्षा जास्त पट्टे आले, किंवा फार खोल, काळपट जखमा झाल्या तर मी सुचवते, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, मोफत होते आणि तुमच्या संमतीशिवाय कोणी करू शकत नाही, २०१७ च्या कायद्यात तसं आहे.

लगेच पळायचं कधी ते लक्षात ठेवा. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर, कारण नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच असते. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी. पट्टा सोडून अंगभर फोड उठले, ताप चढला, बोलणं असंबद्ध झालं, लघवी अडली तर थेट मोठ्या दवाखान्यात, जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला स्किन विभाग आहे, खर्चाची भीती असेल तर तिथेच जा. आईंच्या बाबतीत यातलं काही होईल असं वाटत नाही, पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दुखण्याचं वेगळं बोलायला हवं कारण घरचे लोक फोडांकडे बघत बसतात आणि पेशंट दुखण्याने रात्रभर जागा असतो. साध्या पॅरासिटामॉलने भागत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतील. मेडिकलवाला म्हणेल ही डिप्रेशनची किंवा फिटची गोळी आहे, आणि तुम्ही बंद कराल. करू नका, कमी डोसमध्ये ती नसेच्या दुखण्यावर चालते. झोप आणि गुंगी येते, तेव्हा रात्री उठताना आईंना हात द्या, पडण्याची भीती असते. खपल्या पडून गेल्यावर तीन महिन्यांनीही दुखत राहिलं तर त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात, साठीनंतर त्याचं प्रमाण जास्त, त्यावर उपचार आहेत, "नागीण झाली होती आता सहन करायचं" असं नाही.

आता डॉक्टरला विचारायचं कसं, कारण तुम्ही लिहिलंय की विचारलं तर राग येईल. "तुमचं निदान बरोबर आहे का" असं विचारलं तर कोणालाही येईल, मलाही येतो. "डॉक्टर, नागीण वाटण्याचं मुख्य कारण काय?" असं विचारा. उत्तर देणारा डॉक्टर अर्ध्या मिनिटात पट्टा बोटाने दाखवून सांगतो. मग "गावातल्या डॉक्टरांना किडा वाटला होता, तो कशावरून नाही?" आणि शेवटी "पुढच्या दोन-तीन दिवसांत काय दिसलं तर आम्ही परत यायचं?" हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्यातून डॉक्टर स्वतःच स्वतःच्या निदानाची परीक्षा ठरवून देतो. जाताना तारखा कागदावर लिहून न्या, दुखणं कधी, पहिला फोड कधी, काय लावलं, कोणतं इंजेक्शन, आणि रोज एकाच जागेवरून, दिवसाच्या उजेडात फोनवर फोटो काढा. आई आत एकट्या गेल्या तर "सगळं सांगितलं" म्हणून बाहेर येतील आणि आठवणार काहीच नाही, सोबत सून किंवा मुलगी असली तर पाठ उघडून दाखवायला पण संकोच होत नाही. कपड्यावरून बघून नागीण सांगणाऱ्याचं किंवा नाही म्हणणाऱ्याचं, दोघांचंही ऐकू नका.

तुम्ही शेवटी वडिलांसाठी लसीचं विचारलंय. ५० च्या पुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळणार नाही, पहिल्या रात्री दंड चांगलाच दुखतो. वडिलांना परवडत असेल तर जरूर द्या. आईंनाही पुढे देता येते पण आत्ता नाही, हे सगळं पूर्ण बरं झाल्यावर, तोवर क्रिएटिनिन आणि शुगरचा रिपोर्ट हातात घेऊन भुसावळच्याच डॉक्टरांना सोमवारी दाखवा, नवीन डॉक्टर शोधू नका.